गोगलगाईच्या पोटातले बिऱ्हाड

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून निराळ्याच असणाऱ्या माणसाला उद्देशून वापरली जाते. म्हण रचणाऱ्याने गोगलगाईचे चालणे तेवढे न्याहाळले होते. तिच्या पोटात पायांखेरीज आणखी काय काय नांदत असते हे त्याला ठाऊक असते, तर म्हणीचा रोख कदाचित अधिक तिखट झाला असता. कारण तळ्याकाठच्या शेवाळावर सावकाश सरकणारी नखाएवढी शंखधारी गोगलगाय गोठ्यातल्या म्हशीच्या मरणाला कारण होऊ शकते. आणि तेही म्हशीला न डसता, न चावता, किंबहुना दोघींची कधी गाठही न पडता.

पावसाळा सरून तळ्यांचे पाणी उतरू लागले की काठच्या ओल्या चिखलातून कोवळे, लुसलुशीत गवत वर येते. माळावरचे गवत तोवर पिवळे पडू लागलेले असते. तेव्हा गुराखी आपली जनावरे या हिरव्या पट्ट्याकडे वळवतो, आणि त्यात त्याचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी एखादी म्हैस सुकू लागते. ती चारा खाते, पण तो अंगी लागत नाही. दूध आटते, केस राठ होतात, पापण्या उलटून पाहिल्या तर आतून पांढऱ्याफटक दिसतात. शेवटी जबड्याखाली मऊ सूज येते, तीवर बोट दाबले तर खळगा तसाच राहतो. घरची माणसे नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतात, चारा बदलतात, कोणी सांगेल तो पाला कुटून पाजतात. तळ्याकाठचे ते हिरवे गवत मात्र कोणाच्या संशयास येत नाही. कारण ते खाऊन फार दिवस लोटलेले असतात.

खाटकाला या रोगाची ओळख फार जुनी. जनावराचे यकृत, बाजारातल्या भाषेत कलेजी, कापताना सुरी मध्येच करकरते. पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या जाड होऊन, कधी चुन्याचा थर बसून, कडक झालेल्या असतात. त्या चिरल्या म्हणजे आतल्या काळपट पित्तात लडबडलेले, करड्या-तपकिरी रंगाचे, पानासारखे चपटे किडे बाहेर पडतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील माणसाला ते पाहून लेप माशाची आठवण यावी. इंग्रज मेंढपाळांनाही नेमके तसेच वाटले होते. त्यांनी या किड्याला दिलेले ‘फ्लूक’ हे नाव मुळात तिकडच्या एका चपट्या माशाचेच आहे. मराठीत याला पर्णकृमी म्हणतात. थंड मुलखातील मेंढ्यांमध्ये आढळणारी जात फॅसिओला हेपॅटिका ही दोन-तीन सेंटिमीटर लांबीची असते. आपल्याकडील मैदानी प्रदेशातील गाई-म्हशींत आढळणारी फॅसिओला जायगँटिका ही तिची थोरली बहीण. ती सात सेंटिमीटरपर्यंतही वाढते.

पर्णकृमीत नर-मादी असा भेद नसतो. प्रत्येक कृमीच्या ठायी दोन्ही इंद्रिये असतात. एकेक कृमी दिवसाला वीस-वीस हजार अंडी घालू शकतो. ही अंडी पित्ताबरोबर आतड्यात येतात आणि शेणावाटे बाहेर पडतात. येथे एक कोडे उभे राहते. इतक्या अंड्यांनी भरलेले शेण ज्या गोठ्यात रोज पडते, त्या गोठ्यातली शेजारची जनावरे त्या अंड्यांनीच आजारी पडावयास हवीत. परंतु तसे होत नाही. ही अंडी मेंढीला मुद्दाम खाऊ घातली तरी तिला रोग होत नाही. उलट, ज्या कुरणात गेल्या वर्षी रोगी मेंढ्या चरल्या, त्या कुरणात यंदा आलेला धडधाकट कळप पाहता पाहता आजारी पडतो. अंडे आणि कृमी यांच्यामध्ये काहीतरी घडते, ते जनावराच्या बाहेर घडते, आणि ओलाव्याशिवाय घडत नाही, एवढे अनुभवाने कळत होते. ते काय, हे कळण्यास मात्र पाचशे वर्षे लागली.

फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्यासाठी ज्याँ द ब्री या मेंढपाळाने १३७९ मध्ये मेंढपाळीवर एक ग्रंथ रचला. त्यात मेंढ्यांच्या यकृताच्या या रोगाचा उल्लेख आहे आणि दोष दिला आहे ओल्या जागी उगवणाऱ्या ‘दोव’ नावाच्या एका वनस्पतीला. ती वनस्पती खाल्ल्याने यकृत सडते आणि सडलेल्या यकृतात किडे होतात, अशी समजूत होती. फ्रेंच भाषेत पर्णकृमीला आजही त्याच नावाने ओळखतात. त्या मेंढपाळाचा तर्क चुकला खरा; पण रोग ओल्या जागेतला आहे आणि तो हिरवळीवरून पोटात जातो, हे त्याने बरोबर हेरले होते. विद्वानांना पुढे कित्येक पिढ्या तेवढेही साधले नाही. लिनियसने १७५८ मध्ये या कृमीला शास्त्रीय नाव दिले, परंतु हा प्राणी पाण्यातही मोकळा राहतो असे त्याचे मत होते. त्याने पाण्यात पाहिला तो किडा वेगळाच, दिसायला चपटा एवढेच साम्य.

इंग्लंडातील शेतकऱ्यांना पाणथळ कुरणात मेंढ्या ‘सडतात’ हे इतके ठाऊक होते की त्या ज्ञानाचा दुरुपयोगही होऊ लागला. कृमी प्रथम शरीरात शिरतात तेव्हा काही दिवस मेंढी उलट गुबगुबीत दिसते. अठराव्या शतकातील प्रसिद्ध पशुपैदासकार रॉबर्ट बेकवेल हा आपल्या उत्तम मेंढ्या खाटकास विकण्यापूर्वी मुद्दाम पाणी सोडलेल्या कुरणात चारीत असे, म्हणजे विकत घेणाऱ्याला त्यांच्यापासून पैदास करता येऊ नये, असे सांगितले जाते. शास्त्र जेथे अंधारात चाचपडत होते तेथे व्यापाराने असा आपला मार्ग काढला होता.

दुसऱ्या बाजूने गोगलगाईकडे पाहणारे लोक होते. सूक्ष्मदर्शक यंत्र हाती आल्यापासून तळ्यातील गोगलगाई फोडून पाहणाऱ्यांना त्यांच्या पोटात वळवळणारे शेपटीचे जीव दिसत असत. डेन्मार्कच्या म्युलरने १७७३ मध्ये त्यांना ‘सर्केरिया’ म्हणजे शेपटीवाले असे नाव दिले. पण तो त्यांना स्वतंत्र प्राणी समजत होता. त्याचाच देशबंधू स्टीनस्ट्रुप याने १८४२ मध्ये एक धाडसी विचार मांडला. काही प्राण्यांच्या पिढ्या आलटून पालटून वेगवेगळ्या रूपांत येतात; लेक आईसारखी दिसत नाही, ती पणजीसारखी दिसते. गोगलगाईतील ते शेपटीवाले जीव हे दुसरे तिसरे काही नसून पर्णकृमींचीच एक मधली पिढी होय. हा विचार सर्वांनाच पटला असे नाही, पण त्यामुळे शोधाची दिशा बदलली. यकृतात शोधायचे ते शोधून झाले होते. आता तळ्याकडे वळायचे होते.

तेवढ्यात निसर्गानेच निकड लावली. १८७९ चा इंग्लंडचा उन्हाळा पावसात वाहून गेला. कुरणांचे चिखल झाले आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी मिळून सुमारे तीस लक्ष मेंढ्या या रोगाने दगावल्या. लोकर आणि मांस यांवर जगणाऱ्या शेतकऱ्याला हा आघात दुष्काळासारखाच होता. तेव्हा तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने पैसा देऊ केला आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक रोलस्टन यांच्या शिफारशीवरून हे काम आल्जर्नन थॉमस नावाच्या एका तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. त्याचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे.

थॉमसचे काम डोळ्यांपुढे आणले तर त्यात काही दिमाख नाही. रोगी मेंढ्यांच्या यकृतातून अंडी गोळा करावी, ती पाण्यात ठेवून फुटू द्यावी, रोगट म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या कुरणांतून चिखल तुडवीत हिंडावे, सापडेल ती गोगलगाय आणावी, फोडावी, पाहावी. अशा शोधात त्याचा संशय एका क्षुद्र जातीवर बसला. लिम्निया ट्रंकॅट्युला ही जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, पाण्यापेक्षा पाण्याकाठच्या चिखलातच अधिक रमणारी गोगलगाय. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हवा तर अंड्यातून निघालेला जीव याच गोगलगाईत शिरताना आणि तिच्यात वाढताना प्रत्यक्ष पाहावयास हवा. त्यासाठी निरोगी गोगलगाई भरपूर हव्यात. आणि १८८१ मध्ये, कसून शोध करूनही, त्या मिळेनात! सारे वर्ष फुकट गेले. तीस लक्ष मेंढ्या मारणारी गोगलगाय शोधणाऱ्याच्या हाती लागू नये, यासारखी थट्टा नाही.

१८८२ च्या जुलैत आयसिस नदीला पूर आला. ऑक्सफर्डपाशी थेम्सला याच नावाने ओळखतात. पुराचे पाणी कुरणांवर पसरले आणि ओसरताना मागे या गोगलगाईंचा खच टाकून गेले. थॉमसने त्या गोळा केल्या, भांड्यात अंड्यातून नुकतेच निघालेले डिंभ सोडले आणि पाहत बसला. डिंभ गोगलगाईवर तुटून पडले. पुढच्या आठवड्यांत त्याने एकेक अवस्था क्रमाने पाहिली, चितारली आणि ताडून घेतली. इकडे जर्मनीत लाइपझिग येथे रुडॉल्फ लॉयकार्ट हा जगन्मान्य पंडित हेच कोडे सोडवीत होता. आरंभी त्याचा भर दुसऱ्याच एका जातीच्या गोगलगाईवर होता. डिंभ तिच्या पिल्लांत शिरत, पण पूर्ण वाढीस लागत नसत. अखेर तोही त्याच क्षुद्र गोगलगाईपाशी येऊन पोहोचला. १८८२ च्या ऑक्टोबरात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोघांचेही निष्कर्ष छापून आले. दोघांनी एकमेकांचे काही घेतले नव्हते. थॉमसचा सविस्तर प्रबंध १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो प्राध्यापक होऊन न्यूझीलंडला निघून गेला.

या दोघांनी उलगडलेला जीवनक्रम एखाद्या रचलेल्या कथेपेक्षा विलक्षण आहे. शेणाबरोबर पडलेले अंडे शेणात असेतो निद्रिस्त राहते. पाण्याने ते मोकळे झाले आणि ऊब मिळाली म्हणजे आत डिंभ घडू लागतो. सव्वीस अंश सेल्सियस उष्णतामानात दहा-बारा दिवस पुरतात. दहा अंशांच्या खाली काम थांबते. अंड्याला एका टोकास झाकण असते. प्रकाश पडला की ते उघडते आणि सर्वांगावर बारीक लव असलेला एक जीव पाण्यात उडी घेतो. यास मिरासिडियम म्हणतात. त्याच्या अंगावरचे लवदार आवरण मोजक्या पेशींचे असते: पाच ओळी आणि पेशी एकवीस. डोळ्याच्या जागी एक काळा ठिपका, पुढे टोकदार शेंडा. अन्न घेण्याची सोय त्याला नाहीच. आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर थोडे तास, फार तर एखादा दिवस काढायचा. तेवढ्यात गोगलगाय भेटली तर वंश पुढे चालणार. प्रथम तो उजेडाच्या दिशेने पोहतो, कारण गोगलगाई उथळ पाण्यात असतात. मग गोगलगाईच्या अंगावरून पाण्यात पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग लागताच भोवती गिरक्या घेऊ लागतो. जागा सापडली की शेंडा खुपसतो, लवेचे आवरण बाहेरच टाकतो आणि आत शिरतो.

आत शिरल्यावर त्याचे रूपांतर एका साध्या पिशवीत होते, हा स्पोरोसिस्ट. या पिशवीत दुसरी पिढी तयार होते. तिला रेडिया म्हणतात. कृमींच्या अभ्यासाचा आद्य पुरुष म्हणून गाजलेल्या फ्रान्सिस्को रेडी या इटालियन वैद्याच्या नावावरून. रेडियाला तोंड असते, घसा असतो आणि भूकही असते. ती गोगलगाईच्या पाचकग्रंथीत जाऊन ती ग्रंथीच खाऊ लागते. थंडी पडली तर एका रेडियाच्या पोटी दुसऱ्या रेडिया जन्मतात आणि दिवस काढतात. ऊब असेल तर त्यांच्या पोटी शेपटीवाले सर्केरिया जन्मतात. या साऱ्याला सहा-सात आठवडे लागतात. एका अंड्यातून एकच डिंभ निघाला, गोगलगाईत एकच शिरला, पण बाहेर पडताना त्याचे सहाशेपर्यंत होतात. हा गुणाकार गोगलगाईच्या पोटातच होतो आणि म्हणूनच पर्णकृमीला तिची इतकी गरज. शास्त्रात तिला मध्यस्थ पोशिंदा म्हणतात. वास्तविक मध्यस्थाला काही दलाली तरी मिळते. हिच्या पदरी निव्वळ हानी. तिची पाचकग्रंथी खाल्ली जाते, प्रजननशक्ती नाहीशी होते, पुष्कळदा ती अकाली मरते. म्हणीतल्या लबाडीचा आरोप तिच्यावर करण्यात अर्थ नाही; तिच्या घरात भलत्याचेच बिऱ्हाड घुसलेले असते.

सर्केरिया पाण्यात थोडा वेळ पोहतो, गवताच्या पात्याला लागला की शेपटी झाडून टाकतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. हा कोष खसखशीच्या दाण्याहून बारीक असतो. ओलावा असेल तर तो महिनोन् महिने जिवंत राहतो. कडक उन्हात मात्र लौकर मरतो. आता वाट पाहायची ती कोणी तरी ते पाते खाण्याची. हे कोष गवताबरोबर पोटात गेल्यानेच रोग होतो, हे प्रयोगाने दाखविण्याचा मान ब्राझीलच्या अडोल्फो लुट्झ याच्याकडे जातो. १८९० च्या दशकाच्या आरंभी तो हवाई बेटांवर काम करीत होता. पोटातून यकृतात कृमी कोणत्या वाटेने जातो याचाही घोळ बरेच दिवस चालला. पित्तनलिका आतड्यातच उघडते, तेव्हा कृमी त्या दारानेच वर चढत असणार असे सर्वांना वाटे. रशियन शास्त्रज्ञ सिनित्सिन याने १९१४ मध्ये दाखविले की ही मंडळी दाराने जातच नाहीत. ती आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत उतरतात, यकृताचे बाहेरचे आवरण फोडतात, आणि सहा-आठ आठवडे यकृताचे मांस पोखरीत हिंडून मग पित्तनलिकेत स्थिरावतात. हे भुयार खणणे चालू असतानाच मेंढ्या पटापट मरतात. आणि त्या वेळी शेण तपासले तर त्यात एकही अंडे सापडत नाही, कारण कृमी अजून वयातच आलेले नसतात.

हिमालयाच्या थंड पट्ट्याखेरीज आपल्याकडे प्रश्न आहे तो थोरल्या बहिणीचा, जायगँटिकाचा. तिची मध्यस्थ लिम्निया ऑरिक्युलेरिया ही निराळ्या स्वभावाची गोगलगाय आहे. शंखाचे तोंड कानाच्या पाळीसारखे रुंद असल्यामुळे तिला हे नाव पडले. चिखलापेक्षा तिला पाणीच प्रिय: तळी, संथ वाहणारे पाट, भाताची खाचरे. म्हणून इंग्लंडात जो रोग पाणथळ कुरणाचा, तो येथे तळ्याचा आणि भातशेतीचा होतो. पाऊस संपून पाणी उतरू लागले की कोषांनी लगडलेले गवत उघडे पडते. भात कापल्यावर खाचरातला हिरवा पेंढा आणि खोडे यांवरही ते असतात. म्हैस तर पाण्यात डुंबणारी. ती त्याच पाण्यात शेण टाकते, त्याच काठावर चरते आणि चक्र आपोआप फिरत राहते. आपल्याकडील या कृमीला अंडी घालण्याइतके वयात येण्यास तीन-चार महिने लागतात. माघ-फाल्गुनात दिसणाऱ्या रोगाचे मूळ दिवाळीच्या सुमाराच्या चाऱ्यात असते, ते यामुळे.

आपल्या तळ्यांत आणखी एक गोगलगाय सर्वत्र दिसते. तिचा शंख वर न चढता चकलीसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला असतो. इंडोप्लॅनॉर्बिस हे तिचे नाव. गुरांच्या पोटातील दुसऱ्या काही पर्णकृमींची ती मध्यस्थ आहेच. शिवाय जनावरांच्या नाकात गाठी होऊन ती घोरू लागतात त्या रोगाचा कृमीही तिच्याच पोटात वाढतो. त्या कृमीला मद्रास इलाख्यातील पशुवैद्य राव यांनी १९३३ मध्ये नाव दिले.

माणसाचेही या मंडळींशी वैर नाही असे नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीवाटे रक्त जाणारे रुग्ण आढळले, तेव्हा गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी त्याचा माग काढला आणि १९५२ मध्ये जाहीर केले की हा रक्तातील पर्णकृमींचा रोग आहे. आफ्रिका व ईजिप्त येथे कोट्यवधींना पीडणारा हा रोग भारतात स्थायिक असेल असे तोवर मानले जात नव्हते. त्यांनी मध्यस्थ म्हणून दाखविलेली फेरिसिया ही गोगलगाय टोपीसारख्या इवल्याशा कवचाची असते. दगडाला चिकटलेली ती सहजी नजरेत भरत नाही. यकृतातील पर्णकृमीशी या कृमीचे नाते चुलत घराण्याचे. तो गवतावर वाट पाहत बसत नाही, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतूनच आत शिरतो.

यकृतातील पर्णकृमी माणसाला होतो तो कच्च्या पाणभाज्या खाल्ल्याने किंवा कोष असलेले पाणी प्याल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सत्तरांहून अधिक देशांत मिळून निदान चोवीस लक्ष लोकांना ही बाधा आहे. बोलिव्हियातील चार हजार मीटर उंचीच्या पठारावर ती सर्वांत जास्त आढळते. तेथे मेंढ्या आणि गोगलगाय दोन्ही युरोपातून आल्या. इराणच्या गिलान प्रांतात १९८९ मध्ये दहा हजारांहून अधिक माणसे एकाच साथीत आजारी पडली.

परंतु सर्वांत दारुण कहाणी ईशान्य थायलंडातील आहे. तेथील पर्णकृमी ओपिस्थॉर्किस हा वेगळ्या कुळातला. त्याचे अंडे बिथिनिया नावाची गोगलगाय गिळते, तिच्यातून निघालेले सर्केरिया गोड्या पाण्यातील माशांच्या मांसात जाऊन कोष करतात, आणि तेथील लोक ते मासे बारीक चिरून, लिंबू-मिरची घालून, कच्चेच खातात. ‘कोइ प्ला’ हा तो पदार्थ. शेतावरून येताना धरलेले मासे, चार सोबती, भात आणि हे कालवण. घरोघर चालत आलेली रीत. कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षे राहतो, फारसा त्रास देत नाही, आणि त्या दीर्घ दाहातून वयाच्या उत्तरार्धात पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवतो. कर्करोगाला निश्चितपणे कारण होणाऱ्या गोष्टींच्या यादीत या कृमीचे नाव १९९४ पासून आहे. औषध आहे, प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी कृमी मरतात. पण गोळी घेऊन बरा झालेला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा त्याच ताटावर बसतो, कारण ते ताट त्याच्या आजोबाचे असते. खोन केन प्रांतातील लावा सरोवराकाठी संशोधकांनी म्हणूनच औषधाबरोबर शाळा, मासे आणि मांजरे-कुत्री या सर्वांकडे एकदम लक्ष दिले. मांजर-कुत्र्यांतही हा कृमी राहतो.

गुरांसाठीही औषधे निघाली. १९८३ मध्ये आलेले ट्रायक्लाबेंडाझोल हे यकृत पोखरीत असलेल्या कोवळ्या कृमींनाही मारते. पण त्याला न जुमानणारे कृमी ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच दिसून आले आणि पुढे युरोपातही पसरले. गोगलगाय मारण्याचे उपाय त्याहून जुने आहेत. मोरचूद पाण्यात सोडले तर ती मरते, पण मासेही मरतात, आणि तळ्यावर ज्याचे पोट आहे त्याला हा उपाय कसा सांगावा? शिवाय ट्रंकॅट्युलाची एक मादी-नर एकत्र असलेली गोगलगाय तीन-चार महिन्यांत लाखभर संततीची मूळपुरुष होऊ शकते. थोड्या वाचल्या तरी पुढच्या पावसात तळे पूर्ववत्. कुरणातील पाणी चर खणून काढून देणे हा युरोपात खात्रीचा उपाय ठरला. भातशेतीच्या मुलखात मात्र तो सांगणे म्हणजे शेतीच बंद करावयास सांगणे.

या मुलखाला शोभेल असा उपाय इंडोनेशियात, पश्चिम जावात, भातशेतकऱ्यांच्या गोठ्यातच शोधला गेला. तेथे गोठ्याचे शेण पाटाने सरळ खाचरात जाते, त्यामुळे गोठ्याजवळची खाचरे सर्वांत घातक. त्या खाचरातील भात कापताना खालचा एक तृतीयांश भाग सोडून पेंढा कापावा, कारण कोष पाण्याच्या पातळीजवळच असतात. आणि पेंढा दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवून मग गुरांना घालावा. एवढ्याने पुष्कळ काम होते. त्याहून गमतीची युक्ती बदकांची. बदके गोगलगाई खातात हे खरे, पण येथे त्यांचे काम वेगळेच. बदकांच्या आतड्यात इकायनोस्टोमा नावाचा त्यांचा स्वतःचा पर्णकृमी असतो आणि त्यालाही तीच गोगलगाय लागते. दोघांचे डिंभ एकाच गोगलगाईत शिरले की इकायनोस्टोमाच्या दांडग्या रेडिया फॅसिओलाच्या डिंभांना खाऊन टाकतात. म्हणून बदकांचे खुराडे गोठ्याला लागून बांधायचे, त्यांची विष्ठा शेणात मिसळू द्यायची, आणि ते शेण नेहमीच्या पाटाने खाचरात जाऊ द्यायचे.